कपाट वाचून संपल्यावर

लग्न होऊन टेंभुर्णीला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली सात कादंबऱ्या होत्या. सातही अद्भुत. राक्षस, जादूगारणी, पाण्याखालची नगरं, बोलणारी झाडं. माहेरी जालन्यात मी असलंच वाचत वाढले आणि विसाव्या वर्षीही ती गोडी सुटली नव्हती. माझे मिस्टर जाफराबादच्या शाळेत मास्तर होते. त्यांना माझं हे वेड कळलं तेव्हा ते हसले नाहीत, एवढ्यावरच मी त्या लग्नावर खूश होते.

गावात ग्रामपंचायतीच्या एका खोलीत वाचनालय होतं. दोन कपाटं. एकात पोथ्या आणि संतांची चरित्रं, दुसऱ्यात कादंबऱ्या. त्यातले खालचे दोन खण अद्भुत कादंबऱ्यांचे. मिस्टर शाळेतून येताना एक घेऊन यायचे आणि तीन-चार दिवसांनी परत करायचे.

एकदा आम्ही जेवायला बसलो होतो. म्हणजे मिस्टर आणि मामा बसले होते आणि मी वाढत होते. मामा म्हणजे माझे सासरे. भरघोस पांढऱ्या मिशा, आवाज असा की बैलसुद्धा दचकायचे. गावात कुणाचा बांधाचा तंटा झाला की त्यांना बोलावणं यायचं. लग्नाला सहा महिने होऊन गेले होते, पण "पाणी दे" आणि "चहा टाक" यापलीकडे ते माझ्याशी बोलले नव्हते. त्या दिवशी भाकरीचा तुकडा हातातच धरून ते मुलावर एकदम खेकसले.

"ते पुस्तक काहून वापस केलं रे?"

"कोणतं?"

"ते... ती पोरगी गुहेत कोंडल्ती ते. सुटली का न्हाई ती?"

मिस्टर माझ्याकडे बघायला लागले. मामा ताटाकडे बघायला लागले. मीच हळूच म्हणाले, "सुटली मामा. घुबडानं किल्ली आणून दिली."

"घुबडानं?" मामांनी भाकरी खाली ठेवली. "मला वाटलंच व्हतं ते घुबड चांगल्या घरचं असंल."

मग सगळा उलगडा झाला. रोज दुपारी मामा गोठ्यात पोथी घेऊन बसायचे. लाल कपड्यात गुंडाळलेली पोथी. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणायची, शेजारणींना मोठ्या अभिमानानं सांगायच्या की मालकांना उतारवयात देवाची ओढ लागली. त्या लाल कपड्यात रोज माझीच कादंबरी असायची. मी सकाळी वाचून फडताळात ठेवायची, ते दुपारी उचलायचे.

त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. पुढच्या दोन वर्षांत आम्ही वाचनालयातले ते दोन्ही खण संपवले. परत वाचले. तिसऱ्यांदा वाचताना मामा पान उलटायच्या आधीच पुढचं सांगायला लागले आणि आमचं भांडण व्हायला लागलं. कोणत्या राक्षसाचा जीव कशात होता यावरून आम्ही एकदा अख्खी दुपार घालवली. निवडायला घेतलेल्या तुरीचं सूप माझ्या मांडीवर तसंच पडून होतं.

वाचनालयातले गृहस्थ भले होते. त्यांनी मिस्टरांबरोबर एक सामाजिक कादंबरी पाठवली. मामांनी दोन दिवस वाचली आणि परत दिली.

"बाई खिडकीत उभी राहून इचार करून राह्यली. धा पानं झाली, तरी इचारच करून राह्यली. खिडकी सोडंना."

मग त्यांनी खुनाची रहस्यकथा पाठवली. "खून झाला, पोलीस आला, चोर घावला. ह्याच्यात उडतं काय?" ऐतिहासिक पाठवली तर मामा म्हणाले, ह्याचा शेवट मला लहानपणीच शाहिरानं सांगितल्ता.

शेवटी मामांनी घरात जाहीर केलं की त्यांना अंधुक दिसतंय आणि जालन्याला डोळ्याच्या डॉक्टरकडे जावं लागेल. "सूनबाईला संगं नेतो. तिला तिथल्या गल्ल्या म्हाईत हायेत." आत्यांनी शिदोरी बांधून दिली. एस.टी.त बसल्यावर मामा मला म्हणाले, "डॉक्टरकडं खरंच जाऊ. खोटं बोलल्याचं पाप नको."

डॉक्टरांनी तपासलं, तुमची नजर तरण्या माणसासारखी आहे म्हणाले. मामांनी तोंड पाडलं. बाहेर आलो आणि दुकानं धुंडाळायला लागलो. पहिल्या दुकानात मी विचारलं, "अद्भुत कादंबऱ्या आहेत का?" दुकानदार म्हणाला, "दहावीचं गाईड आहे." मामा म्हणाले, "त्याच्यात राक्षस हाय का?" तो म्हणाला, "गणिताच्यात आहे." दुसऱ्या दुकानात पंचांग, वह्या आणि व्रतांची पुस्तकं. बसस्टँडवरच्या स्टॉलवर दोन कादंबऱ्या सापडल्या, त्या आमच्या पाठ होत्या. तिथल्या तिथे मला रडूच यायला लागलं. आता हसू येतं, पण तेव्हा खरंच वाटलं होतं की जगातल्या सगळ्या अद्भुत गोष्टी आपण संपवल्या आणि पुढचं आयुष्य नुसतं निवडण-टिपण करण्यात जाणार.

मामांनी माझ्याकडे बघितलं आणि ते पुढे चालायला लागले. एका जुन्या रद्दीच्या दुकानापुढे मात्र ते थांबले. दुकानात म्हातारे चाचा वर्तमानपत्रांची थप्पी बांधत होते. कोपऱ्यात जाड पुठ्ठ्याच्या, किडीनं खाल्लेल्या चार किताबा पडल्या होत्या. उर्दू. मी मान फिरवली. मामांनी मात्र वरची किताब उचलली, मागच्या बाजूनं उघडली आणि त्यांचे ओठ हलायला लागले.

"मामा, तुम्हाला येतं?"

"आमची शाळाच उर्दू व्हती ना. निजामाचं राज. पाच वर्षं छड्या खाल्ल्या ह्या अक्षरांपायी." ते बोटानं ओळ धरून पुढे सरकत होते, लहान पोरासारखे. मग एकदम म्हणाले, "सूनबाई, ह्याच्यात परी हाय. आन तिला सावलीच न्हाई."

रद्दीवाले चाचा उठून जवळ आले. "भाई, आप पढ लेते? चारों ले जाओ. मेरे यहाँ तो इसमें लोग शेंगा बांधते."

घरी आत्यांनी त्या किताबा बघून कपाळाला हात लावला. मामांनी शांतपणे सांगितलं, "डॉक्टरनं डोळ्याला पथ्य दिलं. इतकी वर्षं डाव्या बाजूनं वाचून डोळे एकीकडं वढले गेले. आता उजवीकडून वाचायचं." डॉक्टरच्या नावावर हे खपलं. तिसऱ्या दिवशी शेजारची आजी दारात हजर. तिच्या पण डोळ्याला पाणी येत होतं, एखादं उलटं पुस्तक असेल तर द्या म्हणाली. तिला अक्षरओळखच नव्हती. मामांनी तिला एक किताब दिली आणि रोज नुसतं बघत जा म्हणून सांगितलं. आठ दिवसांनी तिनं परत दिली, डोळे बरे झाले म्हणाली.

दुपारी ओसरीवर मी डाळ-दाणे निवडत बसायची आणि मामा वाचायचे. एक ओळ उर्दूत, मग तीच आपल्या बोलीत. पहिली किताब त्या सावली हरवलेल्या परीची. महिनाभर पुरली. अडलेल्या शब्दाला मामा डोळे मिटून, जुन्या मास्तरांना शिव्या देऊन, तो शब्द कुठून तरी ओढून आणायचे.

दुसरी किताब सुरू झाली तशी गोष्ट फारच रंगली. एक राक्षस आणि एक जादूगार पाणंदीवरून भांडत होते, गाडीवाट कुणाच्या हद्दीतून जाते म्हणून, आणि राजकन्या साखळी घेऊन ती मोजायला गेली होती. मामा आता उर्दू ओळ म्हणेनासे झाले होते, सरळ मराठीतच सांगायचे. एका पानावर मला रकाने आखलेले दिसले.

"मामा, हे काय?"

"सैन्याची यादी हाय," मामा म्हणाले आणि पान उलटलं.

तिसऱ्या किताबेत उडता घोडा आला. राजपुत्राला घेऊन डोंगरावर चढला आणि मध्येच त्याला पोटफुगी झाली. खाली येता येईना. त्यानं काय खाल्लं होतं, त्याचे डोळे कसे झाले, कान कसे गार पडले, याचं इतकं बारीक वर्णन मी कोणत्याच कादंबरीत वाचलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात मिस्टरांनी शाळेतल्या मास्तर लोकांना शेतात हुरड्याला बोलावलं. त्यातले एक उर्दू शिकवायचे. मी हौसेनं किताबा शेतात नेल्या आणि त्यांना आमचा खजिना दाखवला. त्यांनी दुसरी किताब चाळली आणि म्हणाले, "वहिनी, हे जमीन मोजणीचे नियम आहेत. तलाठ्यांसाठी. पाणंदीचा वाद कसा मिटवायचा, इथं दिलंय बघा." तिसरी उघडली. "आणि हे घोड्यांच्या आजारांचं."

"आणि चौथी?"

"ही सरकारी इमारतींना चुना कसा लावायचा, त्याची."

पहिली तेवढी खरी गोष्टीची होती. दुसऱ्या दुपारी मामांनी ओसरीवर किताब उघडली तेव्हा मी विचारलं, "मामा, घोड्याला औषध कोणतं दिलं?"

मामांनी ओळीवरचं बोट काढून घेतलं. "मास्तर बोलला का?"

"हो."

"पयली खरी व्हती." त्यांनी किताब मिटली. "मंग दुसरी उघडली तर नुसते नियम. त्या दिशी बसस्टँडवर तुझं तोंड बघितल्तं मी. म्हणलं, आता हिला कसं सांगू, संपलं म्हणून." उठले आणि गोठ्यात निघून गेले.

चार दिवस त्यांनी ओसरीवर पाय ठेवला नाही. जेवताना मान खाली. बांधाचा तंटा सोडवायला बोलावणं आलं तर म्हणाले, माझ्यावर आता कोण भरोसा ठेवणार. मला त्यांचा राग आला होता का? आला होता, पण वेगळाच. राजपुत्र आणि घोडा दोघंही तिकडे डोंगरावर अधांतरी लटकले होते आणि हा माणूस इकडे वैरण कापत बसला होता.

पाचव्या दिवशी मी गोठ्यात गेले. "मामा, घोडा अजून वरच आहे."

"राहू दे. खोटा घोडा तो."

"खोटा असला तरी पोट फुगलंय ना त्याचं?"

मामांनी कोयता खाली ठेवला. मिशा हलायला लागल्या आणि मग ते असे हसले की गाय दावं ताणून मागे सरकली. "ओवा आन काळं मीठ," ते डोळे पुसत म्हणाले. "राजपुत्राच्या खिशातच व्हतं. येड्याला म्हाईत न्हवतं."

घोडा खाली आला. चुन्याच्या किताबेतून मामांनी पुढे पांढऱ्या महालाची गोष्ट काढली, ती पावसाळ्यापर्यंत चालली. किताब हातात असल्याशिवाय मात्र त्यांना सांगता यायचं नाही. आत काय लिहिलंय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, तरी ते पानं उलटायचे आणि मी थांबायची.

एके दिवशी ते म्हणाले, "रोज मीच का? आज तू सांग."

मी घाबरत सुरुवात केली. "एक नगर होतं. काचेचं. तिथं एक राजा..."

"थांब. त्या नगराला पाणी कुठून येतं?"

"मामा, काल्पनिक आहे ते."

"असंना. पण माणसं ऱ्हातेत ना तिथं? जनावरं हायेत? मंग पाणी लागंल का न्हाई? आधी पाण्याचं बघ, मंग राजाचं बघू."

माझा राजा दोन दिवस सिंहासनाशेजारी उभा होता. तिसऱ्या दिवशी मी डोंगर फोडून एक नदी आणली, तिला बारमाही पाणी दिलं, तेव्हा कुठे मामांनी मान हलवली आणि त्याला बसू दिलं.