ठशात न उमटणारं बोट

"वाघाच्या चारही पायांना मिळून बोटं किती?"

सरांनी माईकवर प्रश्न वाचला. दोन्ही संघांचे गुण सारखे झाले होते. हा शेवटचा प्रश्न. जो बरोबर सांगेल तो नागपूरला जाणार होता. मी घंटीवर हात मारला.

"अठरा."

"चूक," सर म्हणाले.

शेजारच्या टेबलावर तालुक्याच्या इंग्रजी शाळेची दोन मुलं होती. त्यांच्यातल्या एकाने विचारही केला नाही.

"सोळा."

"बरोबर."

मी उठून उभी राहिले. "सर, पुढच्या पायाला पाच असतात. मी मोजली आहेत."

"कुठं मोजली? वाघाला मांडीवर घेऊन?"

सभागृह हसलं.

"मांजरीची मोजली, सर."

मग जे हसू उसळलं ते बराच वेळ थांबलं नाही. सर माईक हातात धरून हसू ओसरायची वाट बघत राहिले. ते विरल्यावर म्हणाले, "वाघाच्या गावची पोरगी. अन् मांजर मोजून आली."

बाबा मागच्या भिंतीशी उभे होते. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी उभे. सकाळची फेरी करून तसेच आले होते, गाईडच्या खाकी शर्टात. सरांनी त्यांना बोट दाखवून बोलावलं.

"ए गाईड, इकडं ये. तूच सांग. वाघाच्या ठशात बोटं किती दिसतात?"

"चार, सर."

"अन् पाय किती?"

"चार."

"झालं."

टाळ्या पडल्या. बाबा परत भिंतीशी जाऊन उभे राहिले.

मी तेरा वर्षांची होते. बाबा खोटं बोलले नव्हते, एवढं एक वाक्य लिहायला मला वीस वर्षं लागली. ठशात चारच दिसतात. त्यांना ठशाचंच विचारलं होतं.

बाबा आधी वनमजूर होते, नंतर जंगल सफारीच्या मोहर्ली गेटवर गाईड झाले. शिक्षण सातवी. गाड्या गेटवर खोळंबल्या की शहरातली मुलं वेळ घालवायला एकमेकांना प्रश्न विचारायची. सर्वांत हलका वायू कोणता. पानिपतची तिसरी लढाई कधी झाली. कोणत्या ग्रहाला जास्त चंद्र. बाबा पुढच्या सीटवर पाठमोरे बसून ऐकायचे. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुवायच्या आधी वही काढायचे. प्रश्न त्यांच्या अक्षरात. उत्तर ऐकू आलं असेल तर तेही. नसेल तर जागा कोरी सोडायचे आणि ती मी शाळेतल्या पुस्तकांतून भरायची. विज्ञान, भूगोल, इतिहास, गणित, सगळं एकाच वहीत. मधेच स्वतःचे प्रश्न घालायचे. मोहाचं फूल कोणत्या वेळी गळते. रानकुत्रा भुंकते का.

वाघाच्या बोटांचा प्रश्नही त्यांचाच. उत्तर त्यांनी स्वतः लिहिलं होतं, सोळा. वाघांच्या गणनेच्या दिवसांत वनखात्याच्या साहेबांसोबत फिरून, काचेवर ठसे उतरवून त्यांची उमर गेली होती. माती चार बोटं दाखवते. चार चोक सोळा. ठसे वाचणाऱ्या माणसाकडूनच व्हावी अशी ती चूक होती.

स्पर्धेच्या आधी सर आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत होते. आम्ही गोंड. आमच्या घरी पाटावर बसून जेवणारे ते पहिले मास्तर. आई त्यांच्यासाठी लाखोळीच्या डाळीचं वरण करायची आणि ते दुसऱ्यांदा मागून घ्यायचे. बाबांना ते भाऊ म्हणत. मला पुस्तकं त्यांनीच दिली. शब्दकोश कसा बघायचा ते त्यांनीच शिकवलं. हे मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांची तालुक्याच्या गावी बदली झाली तेव्हा ते निरोपाला आले. वही चाळली. बराच वेळ चाळली.

"भाऊ, हे छापलं पाहिजे. माझ्याकडं द्या. तुमचं नाव टाकू."

आईनं वही नव्या कापडात बांधून दिली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात शेजारच्या घरची मांजर माझ्या मांडीवर झोपली होती. मी उगाच तिचे पंजे दाबत होते. पुढच्या पंजात, जरा वरच्या अंगाला, एक जास्तीचं नख बाहेर आलं. मी बाबांना हाक मारली. त्यांनी ओट्यावर बसून चारही पंजे मोजले. मांजरीनं मला ओरबाडलं. बाबांनी पुन्हा मोजले.

"आयुष्य ठसे पाह्यण्यात गेलं, अन् हे बोट राहूनच गेलं," ते म्हणाले. "जमिनीले लागत नाई ना ते. म्हणून का मोजाचं नाई?" मग स्वतःशीच हसले. "सरांले सांगा लागते."

बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊन त्यांनी सांगितलं. सोळा नाई सर, अठरा. सर 'हो हो' म्हणाले.

स्पर्धेत पहिल्याच फेरीत माझ्या लक्षात आलं होतं की प्रश्न आपल्या वहीतले आहेत. मला आनंद झाला. सर आपल्यासाठी विचारत आहेत असं वाटलं. मग दिसलं, दुसऱ्या टेबलावरची मुलं प्रश्न संपायच्या आधीच घंटी वाजवतात. सर त्यांना दर रविवारी शिकवत होते. आमची वही त्यांना पाठ होती. चुकीसकट पाठ होती. आमचीच चूक बरोबर ठरली आणि आमचंच बरोबर उत्तर चूक ठरलं.

दुसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्र घ्यायला माझं नाव पुकारलं. मी गेले नाही. पुन्हा पुकारलं. बाबा मागून खुणावत होते, जा. मी बाकाची कड धरून बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांचं ऐकलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "काऊन नाही सांगितलं?"

"त्यानं ठशाचं इचारलं, माय."

"तुम्हाला माहीत होतं."

"साहेब इचारते तेवढंच सांगा लागते." ते खिडकीबाहेर बघत होते. "जास्त सांगतलं की त्याले वाटते, हा आपल्याले शिकवून राह्यला."

मी त्यांच्याशी कितीतरी दिवस नीट बोलले नाही. सरांवरचा राग मी बाबांवर काढला. सर दूर होते, बाबा हाताशी होते.

पुढे पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर सरांचं नाव, आत सरांचा फोटो. बाबांचं नाव कुठेच नव्हतं. बाबांनी चष्मा लावून पानं उलटली. रानकुत्र्याचा प्रश्न सापडला तिथं बोट ठेवलं. "आपलाच हाय," म्हणाले आणि जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी दुकानातून नवी वही आणली. पहिल्या पानावर पहिला प्रश्न वाघाच्या बोटांचा लिहिला. उत्तर अठरा. वही मला दाखवली नाही, नुसती मी बसते त्या जागी ठेवून गेले.

मी शिकले. आरमोरीकडच्या एका शाळेत आता मी शिकवते. या हिवाळ्यात बाबा गेले. तोवर आम्ही पुन्हा बोलायला लागलो होतो, पण त्या दिवसाबद्दल नाही. मला त्यांना सांगायचं होतं की मी समजले. ते राहून गेलं.

बाबा गेल्यानंतर महिन्याभरात आमच्या शाळेत सरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली. यंदाच्या स्पर्धेसाठी तेच पुस्तक लावलं आहे. मी सवयीनं तो प्रश्न शोधला. पान छप्पन. उत्तर अठरा केलं होतं. खाली बारीक अक्षरात टीप होती. "मागील आवृत्तीतील उत्तर एका अशिक्षित वनमजुराच्या माहितीवर विसंबून दिले गेले होते. चुकीबद्दल दिलगीर आहोत."

मी ती टीप वर्गात उभी राहून वाचली. मुलं कवायतीला गेली होती. सगळं पुस्तक बाबांचं, आणि त्यात बाबा फक्त एका जागी आहेत. चुकीच्या जागी. तेही नावाशिवाय. ज्या माणसानं बाजाराच्या दिवशी जाऊन स्वतःची चूक स्वतः सांगितली, तो माणूस.

रडू आलं नाही. बाबा गेले तेव्हापासून आत जे ओलं होतं, ते त्या दिवशी वाळून कडक झालं.

परवा सरांचा फोन आला. यंदा ते प्रमुख पाहुणे आहेत. तेच सभागृह.

"बाळ, तू माझी विद्यार्थिनी. माझा परिचय तूच करून दे."

"देते, सर. पण वहीपासून सुरू करीन."

"कोणती वही?"

"ज्या वहीत सोळा लिहिलं होतं, ती."

त्यांनी आवाज मऊ केला. माझ्या लहानपणचा आवाज. "अगं, भाऊ आता गेले. गेलेल्या माणसाचं कशाला काढतेस?"

"तुम्हीच काढलं, सर. पान छप्पनवर."

त्यांनी फोन ठेवला. काल आयोजकांचा निरोप आला, परिचय दुसरं कोणी करेल, तुम्ही आला नाहीत तरी चालेल.

मी जाणार आहे. परिचय करायला नाही. बाबांची ती दुसरी वही घेऊन जाणार आहे, आणि ते पुस्तक. मागच्या भिंतीशी उभी राहणार नाही, पहिल्या रांगेत बसेन. कार्यक्रमाच्या शेवटी श्रोत्यांना प्रश्न विचारायला सांगतात, तेव्हा उठेन. बाबांचं नाव घेईन, त्यांच्या बापाच्या नावासकट. वही कोणी लिहिली, कोणी नेली, चूक कोणी कळवली आणि कोणी 'हो हो' म्हटलं, ते सांगेन. माईक बंद केला तर माईकशिवाय सांगेन. त्यांना वाटू दे, ही आपल्याला शिकवून राह्यली.

विचारलं तेवढंच सांगायचं, ही आमच्या घरची रीत होती. ती बाबांसोबत गेली.