पंधरा तास, म्हणे

मुलांनो, तुमच्या धाकट्या भावाच्या बारशाला आजी का पोचली नाही, याचं उत्तर तुमचा बाबा ‘बस चुकली’ असं देतो. बस चुकली नव्हती. मी वेळेच्या वीस मिनिटं आधी गडचिरोलीच्या स्टँडवर होते.

बाळ तीन आठवडे आधी जन्मलं आणि तिकिटांची घाई झाली. मी म्हटलं, श्रावण आहे, मी दोन दिवस आधी नागपूरला जाऊन थांबते. बाबानं मोबाईलवरचं एक पान पाठवलं: नागपूर ते टोरोंटो, बारा हजार किलोमीटर, पंधरा तास. “अगं आई, एवढंच तर आहे. सकाळी बसमध्ये बस, संध्याकाळी विमान. दोन दिवस कशाला?”

त्या पानाच्या तळाशी बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की हे अंतर सरळ रेषेतलं आहे आणि वेळ अंदाजे. मी ते वाचलं. इंजिनियर झालेल्या तुमच्या बाबानं वाचलं नाही. नागपूरहून टोरोंटोला सरळ जाणारं विमानच नाही, आधी दिल्ली गाठावी लागते. तरी मी ऐकलं, याचाच मला जास्त राग येतो.

तासाभरात बस थांबली. पुलावरून पाणी. कंडक्टरनं पाण्याच्या काठाला एक काडी रोवली. आमच्याकडे असंच करतात. पाणी काडी सोडून मागे सरलं की उतार लागला समजायचं. मी दर दहा मिनिटांनी काडी बघायला जात होते.

“बाई, तुमी पायल्यानं पानी उतरत नाई,” कंडक्टर म्हणाला.

“माझं संध्याकाळी विमान आहे.”

“इमान त वरून जाते. मले खालून न्या लागते.”

मागच्या सीटवरचे म्हातारे हसले. “कॅनडाले जाऊन राह्यल्या म्हणे बाई? मंग आमच्या नदीले काऊन नाई इचारलं?”

माझ्या पिशवीत कुंची होती. माझ्या जुन्या मऊ लुगड्याची, हातानं शिवलेली. तुमच्या बाबाला आणि तुम्हा दोघांनाही बारशाला मीच घातली होती, पाळण्यात ठेवण्याआधी. दुपारी चारला काडी कोरडी झाली. नागपूरला पोचले तेव्हा विमान गेलं होतं. पुढचं तिकीट दोन दिवसांनी मिळालं. मी तुमच्या दारात उभी राहिले ती बारशाच्या दुसऱ्या दिवशी. बाळाच्या डोक्यावर दुकानातली टोपी होती, तिला अस्वलाचे कान.

“पोचलीस ना, झालं तर मग,” बाबा म्हणाला.

काय झालं? कुंची मी त्याच दिवशी घातली, बसलीही नीट. पण पाळणा सोडलेला होता.

आता बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला ये म्हणून त्यानं पुन्हा तसलंच पान पाठवलंय. मी उत्तर दिलं नाही. तिकीट काढायचं असेल तर आधी त्यानं पावसाळा लागताच इथे यावं, त्या पुलाशी काडी रोवावी आणि माझ्याशेजारी उभं राहून तास मोजावेत.