दाजींची विलायती गाडी

थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या दाजींना, गाड्यांतलं काही कळत नव्हतं. त्यात गैर काही नाही, पण आपल्याला सगळं कळतं अशा थाटात ते बोलत, त्याचा त्रास व्हायचा. कर्जतच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. सत्तरच्या दशकात तिथं मोटारी होत्याच किती! आपलीही एक असावी, आणि लोकांनी माना वळवून बघावी अशी असावी, या वेडानं त्यांना धरलं.

खालापूरजवळ मुंबईच्या एका गृहस्थांचा बंगला होता. त्यांची दोन सीटची, वर कापडी टप असलेली विलायती स्पोर्ट्स कार स्वस्तात मिळतेय, असं दाजींच्या कानावर आलं. मी तेव्हा रसायनीच्या एका कारखान्यात देखभाल खात्यात होतो. अ‍ॅसिडच्या वाफेनं खाल्लेल्या टाक्या आणि पाइप तपासणं हेच माझं काम. म्हणून ताई म्हणाली, "तू संगती चल रं. आणि काय ते खरं सांग. त्यांचं तोंड बघून सांगू नको."

दाजी, ताई आणि मी असे तिघंही तिथं गेलो. गाडी शेडमध्ये उभी होती. लालभडक, नुकताच रंग मारलेली. एवढ्या जुन्या गाडीला विकायच्या आधी घाईघाईनं रंग का लागतो, हे दाजींना विचारावंसंही वाटलं नाही. ते हेडलाइटवरून हात फिरवत होते.

"ही कायम वरळीला समुद्रासमोर उभी असायची," मालक अभिमानानं म्हणाले. बरीच वर्षं खारा वारा आणि त्यावर मुंबईचे पावसाळे, याचं त्या गृहस्थांना कौतुक वाटत होतं.

मी खिशातलं लोहचुंबक काढलं. बॉनेटला ते घट्ट चिकटलं. मडगार्डच्या खालच्या कडेला लावलं तर गळून पडलं. तिथं पत्रा नव्हताच, लांबी, म्हणजे भोकं बुजवायचा लगदा, भरून घासून गुळगुळीत केलेला होता. बोटानं वाजवलं तर बद्द आवाज आला.

"थोडं वरवरचं काम केलंय," मालक म्हणाले.

मी रबरी मॅट उचलली. खाली ताजं डांबर फासलेलं. स्क्रू ड्रायव्हर टेकवून जरा दाबला, तो मुठीपर्यंत आत गेला. काढल्यावर त्या भोकातून शेडची जमीन दिसली. मग दाजींना समजावून सांगितलं, "या गाडीला वर पक्कं छप्पर नाही. दाराखालची पट्टी आणि ही फरशी, यांच्यावरच सगळा भार आहे. तेच कुजलंय." शंका नको म्हणून मधोमध जॅक लावून गाडी जराशी उचलली आणि दार उघडायला सांगितलं. दार अडकून बसलं. सांगाडा वाकतोय, याहून चांगला पुरावा कुठून आणायचा?

"विलायती गाड्यांची दारं अशीच घट्ट असतात," मालक म्हणाले. दाजींनी मान डोलावली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ही गाडी आहे, तुमची अ‍ॅसिडची टाकी नाही."

व्यवहार तिथल्या तिथं ठरला. ताई त्या गाडीत बसली नाही. "मी भावाच्या स्कूटरवर येते," एवढंच बोलून ती माझ्यामागं बसली. दाजी गॉगल लावून पुढं निघाले.

कर्जतच्या रस्त्याला एका मोरीवर गाडी आदळली आणि थांबली. आम्ही जवळ गेलो, तर गाडीचं नाक आणि शेपूट वर, आणि पोट खाली. फरशी फाटून सीट रस्त्याला टेकली होती. दोन्ही दारं अडकली होती. दाजी स्टिअरिंग धरून समोर बघत बसले होते, जणू अजून चालवतच आहेत.

शेजारच्या भातखाचरातून एक शेतकरी वर आला. त्यानं शांतपणे पाहणी केली. "शेठ, गाडी मदीच मोडली हाय. दारं नाय उघडायची. तुमी वरनंच उतरा."

दाजी टेरिलीनची पँट सावरत वरून उतरले. रस्त्यावर पाय टेकताच त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "तुम्ही जॅक लावलात ना, तेव्हाच हिचं कंबरडं मोडलं."

पुढं त्यांनी हीच गोष्ट गावभर सांगितली. गाडी कुंभिवलीच्या भंगारवाल्यानं टेंपोत घालून नेली, पण मोडली ती मेहुण्यानं. जावयाचा शब्द म्हणून आमच्या घरातही कुणी तोंड उघडेना. आई तर माझ्या मागंच लागली, "जावई हायेत ते. दिवाळीला येतील, तवा माफी माग."

मी मागितली नाही. दिवाळीत पाहुण्यांसमोर जेवताना दाजींनी ती कहाणी पुन्हा सुरू केली. जॅकपर्यंत आले आणि ताई वाढता वाढता थांबली.

"जॅक लावायच्या आदीच त्या भोकातनं मी जमीन बघितली," ती म्हणाली. "तुमीबी बघितलीत. मग गॉगल लावलात."

पाहुण्यांपैकी एकाला ठसका लागला. आईनं त्याला पाणी दिलं. दाजींनी खाली मान घालून वरण मागितलं आणि ताईनं ते वाढलं.