धवले आणि कोपऱ्यात बसवलेला रेकॉर्डर

माझ्या सासूबाई धवलारीण आहेत. आमच्या घरी, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात, विधीविधीला जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. मी साताऱ्याकडची, वडील एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलायचे. लग्न होऊन उलव्यात येईपर्यंत मी हा शब्दही ऐकला नव्हता.

नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिचा फोन आला. "मामी, आजीचे धवले रेकॉर्ड करून दे ना. हळदीच्या आधी पाठ करते."

मी माझा जुना टचस्क्रीनचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि रेकॉर्डर सुरू केला. सासूबाई पदर नीट करून बसल्या. एक ओळ म्हटली आणि थांबल्या. पडद्यावर त्यांच्या आवाजाबरोबर एक रेघ वरखाली होत होती.

"ही रेघ कनाची?"

"तुमचाच आवाज आहे, आई."

मग त्या रेघेकडेच बघत राहिल्या. रेघ खाली आली की आवाज चढवायच्या. दोन कडव्यांत दमल्या. "मना नाय जमत. हिच्याकडं बघू का गानं बोलू?"

मी खिडकी मिनिमाइझ केली, तर खालच्या पट्टीत तिचं चौकोनी बटण उरलं. ते काय आहे म्हणून त्यांनी दाबून पाहिलं, खिडकी पुन्हा वर आली, मग फुलीवर बोट गेलं. रेकॉर्डर बंद. दोन दिवस हेच.

त्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. त्यात टर्मिनल नावाची काळी खिडकी असते, तिथे आज्ञा टाइप करून कामं करता येतात. मला एका छोट्या प्रोग्रॅमची आठवण झाली. टर्मिनलमध्ये त्याचं नाव आणि पुढे रेकॉर्डरचं नाव लिहिलं, की रेकॉर्डर उघडतो आणि त्याची खिडकी घड्याळाशेजारच्या बारक्या चिन्हात जाऊन बसते. खालच्या पट्टीतही दिसत नाही, पण आत काम चालूच असतं. आवाज आपोआप टिपायला लागेल अशी सोय करून मी ती ओळ लिहिली. पडदा रिकामा झाला.

"चालू आहे हां, आई. पण आता तुम्ही विसरून जा."

त्या खरंच विसरल्या. समोर भिजवलेल्या वालांचं पातेलं घेतलं, एकेक वाल सोलत गायला लागल्या. मांडवाचे झाले, हळदीचे झाले. मधेच एखादा शब्द अडला तर स्वतःशीच हसून मागून पुन्हा धरायच्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होते. मग ऑफिसचा कॉल आला, मी आत गेले, आणि रेकॉर्डर बंद करायचा राहूनच गेला. समोर काही दिसतच नव्हतं ना.

दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून धवले वेगळे करायला बसले. शेवटच्या धवल्यानंतर शेजारच्या काकूंचा आवाज आला. "सून कशी हाय गो?"

माझा हात थांबला. बंद करावं असं वाटलं, केलं नाही.

"जेवनान मीठ जास्ती टाकतं," सासूबाई म्हणाल्या. वाल सोलल्याचा बारीक आवाज. "पन मी दवाखान्यान होती ना, तवा रोज येऊन माजं केस इंचरायची. मना सांगावं पन लागलं नाय."

गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळची ती गोष्ट. तेव्हा त्या एवढंच म्हणायच्या, वेणी ढिली झालीय.

संध्याकाळी मी सगळं सांगितलं. मशीन चालू राहिलं, मी ऐकलं, माझं चुकलं.

त्यांनी हेडफोन मागितला. स्वतःचं बोलणं डोळे मिटून ऐकलं.

"मिठाचं बोलनं काप," त्या म्हणाल्या. "पोरीकडं गेलं तं ती सासरी सांगल, मामी खारट करतं."

"आणि बाकीचं?"

"ते तुज्याकडं ठेव."

भाचीने धवले पाठ केले, पण हळदीच्या दिवशी तिलाच पाटावर बसायचं होतं, तिने गायचं कसं. सासूबाईंनी आपल्या मागून म्हणायला भाचीच्या मैत्रिणींना गोळा केलं, त्यांना काहीच येत नव्हतं. मग त्यांनी माझा हात धरून शेजारी बसवलं. मी इतक्या वेळा ऐकून कापाकापी केली होती की शब्द तोंडात होतेच. आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' होतो, त्यामुळे माझा 'ळ' त्यांच्या 'ल'मध्ये सारखा अडखळत होता. त्या माझ्या मांडीवर टिचकी मारून सुधारत होत्या, आणि गाणं थांबवत नव्हत्या.