शेवयांच्या मशीनचं भोक

आयुष्यभर दारव्ह्याच्या शाळेत भूमिती शिकवली, त्यामुळे भोक पाडणं म्हणजे एक वर्तुळ काढणं, अशी माझी समजूत. निवृत्त झाल्यावर न्हाणीघरामागच्या टिनाच्या शेडमध्ये जुनं ड्रिल मशीन बसवलं आणि कामाची वाट पाहू लागलो.

काम घरातूनच आलं. बायकोच्या शेवयांच्या मशीनचा दांडा डुगडुगत होता. त्याचं टोक ज्या पितळी गुटक्यात फिरतं, तो गुटका झिजला होता. मी नवा कापला. दांडा बारा मिलिमीटरचा, म्हणून बाराचंच ड्रिल लावलं आणि सरळ भोक पाडलं. दांडा घातला, तर पहिल्यापेक्षा जास्त डुगडुगला!

शेजारी पंप दुरुस्त करणारे चाचा राहतात. गुटका डोळ्याला लावून ते म्हणाले, "मास्तर, हे भोक नाही, उंदराचं बीळ होय. ड्रिल थोडं बारीक लावा, मंग रीमर फिरवा. ड्रिल भोक पाडते, रीमर त्याले वळण लावते. आन् काढतानाही उलटा फिरवाचा नाही, धार जाते."

रीमर, म्हणजे भोक आतून तासून नेमक्या मापाचं आणि गुळगुळीत करणारी धारदार दांडी, त्यांनीच दिला, फडक्यात गुंडाळून, दागिना द्यावा तसा. दुसऱ्या गुटक्यात मी पावणेबाराचं भोक पाडलं, तेल सोडलं आणि श्वास रोखून रीमर फिरवला. आत बघितलं तर आरसा! बायकोला हाक मारली आणि तिच्यासमोर दांडा भोकात सोडला. तो अर्ध्यावर जाऊन थांबला. दाबला, तर फुस्सकन वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा वर.

"लहान झालं वाटते," मी खचून म्हणालो आणि पॉलिश पेपर शोधू लागलो.

बायकोने गुटका उलटा करून पाहिला. "खालून बंद हाये न हे? मंग आतली हवा जाईन कुठून? कुकरले शिट्टी काहून असते, तुमाले माहीत नाही?"

कुंपणापलीकडे चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

बुडाला सुईएवढं भोक पाडलं. मग दांडा आपल्याच वजनाने, जावयाने गादीवर बसावं तसा सावकाश खाली गेला. गुटका मशीनला बसवून मी दांडा चार वेळा काढून घालून पाहिला. पाचव्यांदा बायकोने मशीनच उचलून नेलं.

दुपारी अंगणातल्या खाटेवर शेवया वाळत पडल्या, सगळ्या एकसारख्या. जाणाऱ्या-येणाऱ्या बाया थांबून शेवयांचं कौतुक करून गेल्या. भोकाचं कोणी विचारलं नाही, म्हणून मी प्रत्येकीला आपणहून सांगितलं.