सातवीच्या वर्गातला बेल-भंडार

छाया मॅडमचा स्वभाव तसा तिखटच. मखमलाबादच्या फुलमळेवाल्यांची लेक. झेंडू-शेवंतीच्या माळा ओवत वाढलेली. एकाच टोपलीतली फुलं देवळालाही जायची आणि दर्ग्यालाही. त्यामुळे देवाधर्माचं नाव निघालं की आवाज खाली करायचा असतो, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. नाशिकहून रोज स्कूटीवर दिंडोरीपलीकडच्या एका लहान गावात ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला जायची. गावातल्या बायका म्हणायच्या, "मॅडम चांगली हाय, पण जीभ लय धारदार." हे कानावर आलं की मॅडमला राग यायच्याऐवजी बरंच वाटायचं.

त्या वर्षी शाळेच्या मंत्रिमंडळाची निवडणूक लागली. मुलांचा मुख्यमंत्री मुलांनीच निवडायचा. मोबाइलवरच्या ॲपमध्ये चित्रावर बोट दाबायचं, मग त्याच बोटाला मार्करची शाई. पोरं नुसती उधळली होती! सातवीतला साई उभा, त्याच्यासमोर पल्लवी. पल्लवी भाषणाला उठली की पोरी वर्ग डोक्यावर घ्यायच्या. आणि मतदानाच्या आदल्या दिवशी बघावं तर वर्गात सामसूम. पल्लवीची जिवाभावाची मैत्रीण स्नेहल, तिनं तर दुपारी घासही घेतला नाही.

"काय गं, पोट दुखतंय का?" छायानं जवळ जाऊन विचारलं.

स्नेहलला रडूच फुटलं. "मॅडम, शपथ मोडली तर घरातलं माणूस मरतं का? माझी आजी म्हातारी हाय."

तेव्हा कुठं सगळं बाहेर आलं. साईनं वर्गातल्या पोरांना एकेक करून गावच्या खंडेरावाच्या देवळात नेलं होतं. बेलाचं पान, त्यावर चिमूटभर भंडारा, त्यावर हात, आणि 'मत साईलाच' अशी शपथ. हे काही त्याच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. त्याचा बाप बारकू ग्रामपंचायतीला उभा होता. गेल्याच आठवड्यात त्यानं अख्ख्या आळीला त्याच देवळात असाच बेल-भंडार उचलायला लावला होता. बापाचं बघून पोरगं शिकलं, दुसरं काय!

छाया तडक मुख्याध्यापकांकडे गेली. गोरक्ष सर भला माणूस, पण सगळी नोकरी मान खाली घालून केलेला. ते म्हणाले, "मॅडम, निवडणूकच रद्द करून टाका. यात देव आला, गावचं राजकारण आलं. शाळेत या दोन्ही गोष्टी नकोतच. उद्या तुमच्याविरुद्ध अर्ज गेला आणि बदली झाली, तर मला सांगू नका."

"नकोत म्हणता, पण आल्यात ना सर? वर्गात येऊन बसल्यात. आता त्यांच्याबद्दल बोलायचंच नाही म्हणजे त्या पोरीला तशीच भीत ठेवायची?"

सरांनी हजेरीपट उघडून त्यात डोकं घातलं. नाही म्हणाले नाहीत, एवढंच तिनं धरलं. घरी परतताना मात्र सरांचा 'बदली' हा शब्द तिच्या डोक्यातून जाईना. बदली म्हणजे पुन्हा विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आणि लेकीची शाळा नाशकात नुकती कुठे रुळलेली.

दुसऱ्या दिवशी मतदानाआधी तिनं वर्गाला सरळच विचारलं, "खंडेरावाकडे आपण काय काय मागतो?"

पोरं बोलायला लागली. द्राक्षबागेवर गारा पडू नयेत. गाय नीट व्यावी. काकाचं लग्न जमावं.

"आणि मत?"

पोरांच्या माना साईकडे वळल्या. मग मागच्या बाकावरचा राजू म्हणाला, "मॅडम, साईनं तर खंडेरावालाच कार्यकर्ता केला!"

वर्ग खो खो हसला. साई लालबुंद झाला. "सगळेच करतात. पप्पापण करतात."

छायानं त्याला झापलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मला खरं सांग साई. स्नेहल तुला मत देईल ते तू आवडतोस म्हणून, की घाबरली म्हणून?"

साईनं स्नेहलकडे पाहिलं. तिचे डोळे रडून सुजले होते.

एवढ्यात दारात बारकू उभा राहिला. वर्गात काय चाललंय ही खबर त्याला कुणीतरी लगोलग पोचवली होती. सोबत चार माणसं, आणि त्यांच्यामागे स्नेहलची आजी नवसाबाई; नात कालपासून का जेवली नाही, ते विचारायला आलेली.

"शाळेत राजकारण शिकवता व्हय?" बारकू कडाडला. "आन् आमच्या देवावर बोलता?"

छायानं आपली खुर्ची त्याच्यापुढं सरकवली. ती म्हणाली, "मी नाही शिकवलं भाऊ. ते देवळातून इथं आलं. बसा, तुम्हीपण बोला."

बारकूनं तोंड उघडलं, पण त्याच्याआधी साई उठला. पोरांच्यात एक कायदा असतो. ज्यानं शपथ घातली त्यानंच 'सुटली' म्हटलं, की शपथ सुटते. मग कुणी मरत नाही, कुणाला पाप लागत नाही. गोट्या खेळण्यापासून सगळे तो पाळतात.

"सुटली," बापाकडे न बघता साई म्हणाला. "सगळ्यांची सुटली. ज्याला द्यायचं त्याला द्या."

"आरं येड्या, हरशील ना!"

"हरीन."

स्नेहल हुंदके देत हसली. छायाला भरून आलं. या पोराला कडेवर उचलून घ्यावं असं तिला वाटलं, पण सातवीतला घोडा तो, उचलणार कसा!

तोवर नवसाबाई माणसांतून वाट काढत पुढं आली. "बारकू, पोरगं शहाणं निघालं रे तुझं. आता तूबी म्हण. आमची कधी सोडतो?"

बारकूसोबतचे चौघे फरशीकडे बघायला लागले. बारकूनं टॉवेलनं मान पुसली, एकदा पोराकडे पाहिलं.

"सुटली," तो पुटपुटला.

"मला कमी ऐकू येतं बाबा. मोठ्यानं म्हण."

"सुटली म्हणतोय ना मावशी! सगळ्या आळीची सुटली!"

"हां," नवसाबाई म्हणाली. "आता ये घरी मत मागायला. चहा टाकते."