ध्रुवावरचा धूर आणि कार्डिंग खातं

माझ्या पीएचडीचा शेवटचा अध्याय एका ज्वालामुखीपायी अडला होता. दक्षिणेकडे तो फुटला, त्याच्या वायूंचे बारीक थेंब खूप वर गेले, आणि ते ध्रुवावर कसे पसरले हे मला दाखवायचं होतं. हिवाळ्यात ध्रुवाभोवती वाऱ्याचं मोठं कडं फिरतं, ते बाहेरचं काही आत घेत नाही. म्हणून माझ्या नकाशात ध्रुव स्वच्छ. उपग्रह म्हणे, कण आत शिरलेत. "सोमवारपर्यंत उत्तर आण, नाहीतर अध्याय गाळ," माझे मार्गदर्शक म्हणाले. अध्याय गाळला की वर्ष पाण्यात. मी भयंकर चिडले होते, उपग्रहावरसुद्धा.

रविवारी दुपारी भोईवाड्यातल्या आमच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले होते. बाबा जेवून उठले आणि चष्मा लावून डोकावले. बाबा परळच्या गिरणीतले जुने कामगार, कार्डिंग खात्यातले, जिथे कापूस विंचरतात. मी वैतागून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "हो धूर कितक्या उंचीवरचो, गो?"

"सगळ्या उंचींचा मिळून. वाऱ्याचीही सरासरीच काढलीय."

"मगे चुकलंस."

खात्यात उडणारा कापूस कुठे जातो हे बघायला बाबा बांबूला खालपासून वरपर्यंत ओल्या चिंध्या बांधून उभा धरायचे. वरची चिंधी कोरी राहायची आणि गुडघ्याजवळची पांढरीफटक. एकाच चिंधीवरून अख्ख्या खात्याचा अंदाज बांधणाऱ्याला ते अजून बिनडोक म्हणतात. आणि मी एवढी शिकलेली, एका चिंधीवर अख्खं आकाश मोजत होते. लाज वाटली, खरं सांगते.

मी थर वेगळे केले. संगणकाने संध्याकाळपर्यंत तंगवलं. मग दिसलं: वरच्या थरात कडं घट्ट, कण बाहेरच. खालच्या थरात कडं ढिलं, तिथून कण खुशाल आत गेलेले. उपग्रहाशी तंतोतंत जुळलं. मी बाबांना मिठीच मारली. ते म्हणाले, "आता चाय ठेव."

तोंडी परीक्षेला बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. परीक्षकांनी तो नकाशा दोनदा लावायला सांगितला. "थर वेगळे करायचं कुठे शिकलात?" त्यांनी विचारलं. माझा आनंद गगनात मावेना.

"परळच्या गिरणीत," मी म्हटलं. "माझ्या बाबांकडून."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत बाबांनी हात वर केला, गिरणीत हजेरीला करायचे तसा.